कुऱ्हा, कुर्हा, कुरहा : जिनिंगमधल्या टच पॅनेलच्या कीबोर्डच्या नोंदी

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार

दिवाळी झाली, कापूस यायला लागला. आर्वीच्या बाजूची जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गठाणी बांधायचा कारखाना. टच पॅनेल दोन. एक काट्याच्या खोलीत, आवक नोंदवायला. दुसरं प्रेस हॉलमध्ये, गठाणीची नोंद आणि ह्युमिडिफायर (रुईला ओलावा देणारा फवारा), हायड्रॉलिकच्या सेटिंगसाठी. दोन्ही १५ इंची, १०२४ × ७६८, रेझिस्टिव्ह. म्हणजे नखाने, हातमोज्याने, पेनाच्या टोपणानेही चालतात. आत विंडोज १० ची यंत्रांसाठीची आवृत्ती, आयओटी एलटीएससी २०२१, त्याचे अपडेट जानेवारी २०३२ पर्यंत मिळणार. त्या बाजूने घोर नाही.

सिस्टिम आधी दुसऱ्या कोणीतरी लावून दिलेली. पीएलसीचा (यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकाचा) प्रोग्रॅम नीट आहे, उगाच नावं ठेवणार नाही. पडदे मात्र एसीत बसून केलेले दिसतात. नाव भरायचं म्हटलं की विंडोजचा कीबोर्ड अर्धा पडदा झाकून वर येतो.

मागच्या सिझनला साधे कीबोर्ड होते. मुनीमजींनी पोत्यातून चार काढून दाखवले. एकाचा स्पेसबार उपटला तर खाली रुई दाबून बसलेली, समईला दोन वाती सहज झाल्या असत्या. मालकांचं म्हणणं एवढंच : कीबोर्ड नको, पण लिहिता आलं पाहिजे, आणि मराठीत.

७ नोव्हेंबर

काट्यावर दिवसभर बसले. काहीही बदललं नाही, फक्त पाहिलं आणि फोनवर वेळ लावली.

आवकेवरच्या मुलाला फोनवर मराठी झपाझप लिहिता येतं. म्हणजे इंग्रजी अक्षरांत 'kay' नव्हे, सरळ 'काय' उमटतं, फोन त्याचं त्याचं बघून घेतो. इथे पडद्यावर इन्स्क्रिप्टची मांडणी. १९८६ पासूनची सरकारी मांडणी, तर्कशुद्ध आहे, स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, पण ती बोटांना शिकवलेली असावी लागते. हा एका बोटाने 'ढ' शोधत होता. एका पावतीला पावणेदोन मिनिटं, आणि त्यातला वजनाचा आकडा तर काट्यावरून आपोआप येतो. बाहेर नऊ गाड्या.

दुपारी वर्धा नदीच्या पलीकडून एक म्हातारे शेतकरी आले. पावती हातात घेतली, डोळ्यांपासून लांब धरून वाचली आणि खिडकीतून परत दिली.

"बाई, हे कुरहा नाई. कुऱ्हा हाय. माह्यं गाव हाय थे."

मुलगा म्हणाला, "आजोबा, ह्याच्यात तो र नाई येत." त्याचं खोटं नव्हतं. वऱ्हाडाच्या वेशीवर बसून 'वऱ्हाड' लिहिता येत नव्हतं. इन्स्क्रिप्टवर तो ऱ शिफ्ट दाबल्यावर र च्या जागी येतो, पण पडद्यावर शिफ्टचं बटण बोटाच्या नखाएवढं, आणि दाबल्यावर काय बदललं ते दिसायच्या आत पुन्हा मूळ पान.

रात्री डेटाबेस उघडला. त्या एका गावाची चार गावं झालेली. 'कुरहा', रफारवाला 'कुर्हा', आणि दोन 'कुऱ्हा', जे डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसतात पण संगणकाला वेगळे. पहिल्यात ऱ (युनिकोड, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या यादीत, ०९३१) आणि हलंत. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारं झेडडब्ल्यूजे नावाचं जोडचिन्ह. दोन्ही मार्गांनी तोच अर्धा, पापणीसारखा र उमटतो. युनिकोडचं प्रमाणीकरण चालवून पाहिलं, ते ही दोन एक करत नाही. गंमत म्हणजे ०९३१ हे अक्षर यादीत द्राविडी भाषांतला र लिहिण्यासाठी म्हणून नोंदलं आहे, आपला वऱ्हाडी र त्याच्या आडोशाने राहतो.

मुनीमजींना विचारलं, गाववार आवक कशी काढता? म्हणाले, वहीवरून.

९ नोव्हेंबर

विंडोजचे दोन कीबोर्ड आहेत आणि दोन्ही इथे नकोत. का ते लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं की हे पान दाखवता येईल.

जुना तो ओएसके, म्हणजे ऑन-स्क्रीन कीबोर्ड. आधीच्या माणसाचा प्रोग्रॅम ३२ बिटी, विंडोज ६४ बिटी. अशा प्रोग्रॅममधून ओएसके उघडायला गेलं की विंडोज गुपचूप ३२ बिटी फोल्डरकडे वळवतं आणि 'कीबोर्ड सुरू करता आला नाही' असा निरोप येतो. 'सिसनेटिव्ह' नावाच्या आडवाटेने गेलं की उघडतो. आधीच्या माणसाने ते केलं होतं, शाबास. पण ओएसकेवर विंडोजचं बटण असतं आणि 'ऑप्शन्स'च्या खिडकीतून कंट्रोल पॅनेलला जायची लिंक असते. तिथून पुढे सगळं रान मोकळं. रात्रपाळीच्या पोरांना हा रस्ता आमच्या आधी सापडला होता. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर प्रेसच्या पॅनेलवर मॅच लागायची. मालकांना माहीत नाही, मी सांगणार नाही, पण रस्ता बंद करणार.

दुसरा नवा, टॅबटिप नावाचा टच कीबोर्ड. आधी नुसता तो प्रोग्रॅम सुरू केला की कीबोर्ड वर यायचा. विंडोज १० च्या २०१६ च्या वर्धापन अपडेटनंतर प्रोग्रॅम सुरू होतो पण कीबोर्ड दिसेलच असं नाही, त्याला विंडोजच्या आतल्या एका दारातून (कॉम इंटरफेस) टपली मारावी लागते. कागदावर न लिहिलेली ही वाट उद्या बुजली तर ऐन सिझनमध्ये मी कुठे शोधत बसू?

आणि दोघांनाही एक गोष्ट कळत नाही : आपण कोणत्या रकान्यात लिहितोय. गावाचं नाव असो की हायड्रॉलिकचा दाब, त्यांच्या लेखी सगळं सारखंच. ठरलं. कीबोर्ड आपल्याच प्रोग्रॅमच्या आत, आपणच करायचा.

१२ नोव्हेंबर

पहिली घोडचूक लगेच. कीबोर्डची वेगळी खिडकी केली. बटण दाबलं की फोकस (टाइप केलेलं कुठे जाणार ती जागा) कीबोर्डकडे जातो, रकाना फोकस सोडतो, सोडला की तो स्वतःला 'भरून झालं' समजतो आणि अर्धवट नाव जतन. पावतीवर नुसतं 'रा' छापून आलं. खिडकीला 'सक्रिय होऊ नकोस' असा झेंडा लावता येतो, पण त्यापेक्षा सरळ त्याच खिडकीत एक पट्टी म्हणून बसवला आणि प्रत्येक बटणाला फोकस घेण्याची बंदी. अक्षर थेट रकान्यात टाकायचं, विंडोजला खोटे कीस्ट्रोक पाठवायचे नाहीत. सुटलं.

१५ नोव्हेंबर

मांडणी. इन्स्क्रिप्ट ठेवायची म्हणून दोन दिवस मीच मनाशी भांडले. वापरणारे चारजण, चौघांपैकी एकालाही येत नाही, सिझन चार-पाच महिन्यांचा, पुढच्या वर्षी माणसं वेगळी. शिकवत बसायला वेळ कोणाकडे? शाळेतली अंकलिपी मात्र चौघांच्या डोक्यात पक्की आहे. म्हणून वर्णमाला : क ख ग घ च, अशा सरळ ओळी, ङ आणि ञ काढून टाकले, ते इथे कोणाच्या नावात येत नाहीत. शेवटच्या ओळीत ळ, क्ष, ज्ञ.

खरी सोय वेगळीच आहे. व्यंजन दाबलं की वरची ओळ बदलते आणि त्याच अक्षराची बाराखडी समोर येते : क दाबला तर का कि की कु कू के कै को कौ कं. मात्रा कोणती, ऱ्हस्व की दीर्घ, हे वेगळं चिन्ह शोधून ठरवायचं नाही, तयार अक्षर डोळ्यांनी ओळखून दाबायचं. 'कौंडण्यपूर'ला पूर्वी दहा वेळा दाबावं लागायचं, शिवाय शिफ्ट वेगळं. आता तितकंच, पण शोधाशोध नाही.

जोडाक्षरासाठी 'जोड' नावाचं एक बटण. आणि 'ऱ्' स्वतंत्र, सगळ्यांसमोर, कुठल्याही शिफ्टच्या मागे न लपलेलं. आतून ते नेहमी एकाच पद्धतीने लिहितं, ०९३१ आणि हलंत. जुन्या नोंदींतली झेडडब्ल्यूजेवाली रूपं एका छोट्या स्क्रिप्टने बदलून टाकली. रफारवाली आणि 'कुरहा'वाली मुनीमजींनी हाताने पाहिली, कारण त्यातलं एखादं खरंच दुसरं गाव असू शकतं.

बटणाचा आकार : ह्या पडद्यावर एक पिक्सेल साधारण ०.३ मिमी. बटण ७२ पिक्सेल, म्हणजे २१ मिमी. फोनवर बोटाला ९ मिमी पुरतं म्हणतात, पण ते बसून, स्वच्छ हाताने, स्वतःच्या फोनवर. इथे माणूस उभा, एका हातात पावतीपुस्तक, बोटाला कापसाची किटी आणि थंडीने भेगा.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. जिनिंग बंद, पटांगणात फक्त गंज्या आणि कुत्री. सकाळी मत देऊन आले, बोटाला शाई घेऊन दिवसभर कोड. कोणी हाक मारत नाही असा दिवस सिझनमध्ये पुन्हा येणार नाही.

बॅकस्पेस. विंडोजच्या रिवाजाप्रमाणे तो एकेक चिन्ह खातो. 'क्षि' चुकला तर आधी वेलांटी जाते, मग ष, मग हलंत, मग क. माणसाला वाटतं बटण नीट लागलं नाही, तो अजून दाबतो आणि आधीचं अक्षरही जातं. आमच्यात एका दाबात पूर्ण अक्षर जाईल. फक्त मात्रा बदलायची असेल तर पुसायची गरजच नाही, शेवटच्या अक्षराची बाराखडी समोर असतेच, दुसरं रूप दाबलं की बदललं.

२७ नोव्हेंबर

आज माझ्या चुकीने अकरा गठाणी कोरड्या रुईच्या बांधल्या गेल्या. नीट लिहून ठेवते.

आकड्यांसाठी वेगळा नंबरपॅड आहे. प्रेसवरचे काका सोमवारी म्हणाले होते, "ताई, सगळं मराठीत केलं त आकडे कायले इंग्रजीत ठेवले?" मला पटलं. पॅडवर १ २ ३ मराठीत केले आणि तेच मराठी अंक रकान्यात जाऊ दिले. रकान्यात तपासणी होती : दशांशाचा ठिपका सोडून प्रत्येक चिन्ह अंक आहे का? डॉटनेटचं (ज्यात हा प्रोग्रॅम लिहिलाय त्याचं) 'इझडिजिट' मराठी ८ ला अंकच मानतं, बरोबरच आहे, तो अंकच आहे. पुढे 'ट्रायपार्स' त्याची संख्या करायला जातं, आणि त्याला फक्त इंग्रजी ० ते ९ कळतात. ते 'नाही जमलं' असं उत्तर देतं आणि संख्येच्या जागी शून्य ठेवतं. ते उत्तर मी वाचतच नव्हते. शून्य घेऊन सरळ पीएलसीच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे त्याच्या आकडे ठेवायच्या कप्प्यात, लिहिलं.

काकांनी रुईच्या ओलाव्याचं लक्ष्य ८.५ भरलं. पडद्यावर ८.५ दिसलं. पीएलसीला गेलं शून्य. फवारा बंद. कोरडी रुई दाबायला जास्त जोर लागतो आणि गठाण प्रेसमधून सुटली की फुगते. काकांना मीटर पाहून नाही, आवाजावरून कळलं. "पंप असा कण्हत नाई रोज," म्हणाले. तोवर दोन गठाणींच्या पट्ट्या तुटल्या होत्या. जवळ कोणी नव्हतं, ही नशिबाची गोष्ट, माझी हुशारी नव्हे.

मालकांना मीच जाऊन सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, गठाणी पुन्हा बांधा. एवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

२८ नोव्हेंबर

दुरुस्ती. बटणावर मराठी अंक दिसतील, आत इंग्रजीच जातील, दाखवताना पुन्हा मराठी. संख्या झाली नाही तर जुनी किंमत तशीच राहील आणि रकाना लाल होईल. पीएलसीकडे लिहिलेली किंमत परत वाचून तीच दाखवायची, आपण टाइप केलेली नाही. हे शेवटचं पहिल्या दिवसापासून हवं होतं.

मर्यादाही दोन्हीकडे. पॅडच्या डोक्यावर आता लिहिलेलं असतं : सध्या किती, कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, एकक काय. मर्यादेबाहेर गेलं की 'ठीक' दाबताच येत नाही. पण तेवढ्यावर विसंबायचं नाही, तीच मर्यादा पीएलसीतही घातली, कारण उद्या दुसरा कोणी लॅपटॉप जोडून तेच रजिस्टर लिहू शकतो. रजिस्टर १६ बिटी, दशांश नसतो, म्हणून ८.५ चे ८५ जातात. दहाने गुणायचं काम एकाच जागी ठेवलं. आधी तीन जागी होतं, त्यातल्या एकीकडे तर शंभराने. (वीजदाबाचा रकाना, कोणी वापरत नव्हतं म्हणून वाचलो.)

१ वर की ७ वर? कॅल्क्युलेटरला ७-८-९ वर असतात, फोनला १-२-३. फोनची मांडणी बेल कंपनीच्या प्रयोगशाळेने लोकांवर करून पाहून ठरवली, बटणांचा फोन १९६३ मध्ये बाजारात आला. मुनीमजी कॅल्क्युलेटरवाले, काका फोनवाले. प्रेसवर काका असतात, म्हणून १-२-३ वर. मुनीमजींना त्यांच्या खोलीत उलटं दिलं. एकसारखेपणा वगैरे पुस्तकात ठीक आहे.

५ डिसेंबर

गठाणीचं वजन हाताने दुरुस्त करताना कीबोर्ड खालून वर येतो आणि नेमकी अलार्मची ओळ झाकतो. हायड्रॉलिक तेल तापल्याचा अलार्म आला, काका लॉट नंबर भरत होते, मध्येच हमालाने हाक मारली, ते कीबोर्ड उघडाच ठेवून गेले. सहा मिनिटं अलार्म कीबोर्डखाली. मशरूमच्या आकाराचं लाल आपत्कालीन बटण वायरने थेट जोडलेलं आहे, पडद्याशी त्याचा संबंध नाही आणि नसावाच. तरी अलार्म झाकला जाणं म्हणजे आंधळी कोशिंबीर.

आता वरची ६४ पिक्सेलची पट्टी राखीव. तिथे अलार्म आणि 'प्रेस थांबवा', तिच्यावर काहीही येणार नाही. अलार्म आला तर कीबोर्ड स्वतः बाजूला होतो, टाइप केलेलं तसंच राहतं. तीस सेकंद कोणी हात लावला नाही तर काहीही न जतन करता मिटतो.

१४ डिसेंबर

गावांची यादी. मुनीमजींच्या वहीतून गावं उतरवून घेतली : रोहणा, विरूळ, देऊरवाडा, पुलगाव, कुऱ्हा, कौंडण्यपूर आणि बाकीची. एक अक्षर दाबलं की त्या अक्षराची गावं मोठ्या बटणांवर, जास्त गाड्या येणारी आधी. दोन अक्षरांत बहुतेक गाव सापडतं. मागच्या वेळी आलेल्या शेतकऱ्याचं नाव गावाच्या मागोमाग येतं. नवीन माणसासाठीच पूर्ण टाइप करायचं. पावणेदोन मिनिटांची पावती वीस-बावीस सेकंदांवर आली. एवढी डोकेफोड करून बाराखडीचा कीबोर्ड केला आणि आता तो दिवसातून दहा-बारा वेळा उघडतो. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

२४ डिसेंबर

गेला आठवडा चुकीच्या अक्षरांच्या मागे. 'प' दाबला की कधी खालच्या ओळीतला 'य' यायचा. कॅलिब्रेशन दोनदा केलं, फरक नाही. उत्तर पडद्यावरच लिहिलेलं होतं. सकाळी लाइट लागायच्या आत तिरक्या उन्हात पाहिलं : रुईच्या धुळीत बोटांचे ठसे, आणि जवळपास सगळे बटणाच्या खालच्या कडेला, काही तर कडेच्याही खाली. पॅनेल कमरेच्या थोडं वर, माणूस उभा, वरून पाहतो, बोट चार-पाच मिमी खाली उतरतं. मी खुर्चीत बसून तपासत होते, मला कधीच दिसलं नसतं.

बटणाचं चित्र तिथेच ठेवलं, त्याचं ऐकण्याचं क्षेत्र १६ पिक्सेल खाली सरकवलं. चुका त्याच दिवशी थांबल्या. शिवाय अक्षर बोट टेकताना नाही, उचलताना घ्यायचं, म्हणजे चुकीच्या बटणावर टेकलं तर सरकून सावरता येतं. बीप काढून टाकली, जिनच्या आवाजात ती कोणाला ऐकू येते? त्याऐवजी दाबलेलं अक्षर बटणाच्या वर मोठं चमकतं.

त्याच ठशांतून दुसरी गोष्ट दिसली. सेटिंग बदलायच्या पिनच्या पॅडवर चार स्वच्छ ठिपके, बाकी धूळ. पिन कोणते आकडे आहेत ते दारातून वाचता येत होतं. आकड्यांच्या जागा दर वेळी बदलाव्यात असं सुचवलं तर काकांनी हात जोडले. पिन काढून कार्ड दिलं, गळ्यात अडकवायचं.

१० जानेवारी २०२५

विंडोजचा कीबोर्ड फिल्टर (ठरावीक बटणं अडवणारी सोय) चालू केला, विंडोज बटण आणि कंट्रोल-आल्ट-डिलीट दोन्ही बंद. प्रोग्रॅम हाच आता शेल, मागे डेस्कटॉप नाही. रात्रपाळीचा एकजण खूप वेळ पडद्याच्या कोपऱ्यांत बोट घासत होता. मग स्वतःचा फोन तेलाच्या डब्याला टेकवून ठेवला.

२१ जानेवारी

प्रेस बंद का पडली ते लिहायचा रकाना कोणी भरत नव्हतं. काका म्हणाले, "तिथं लिहाले वेळ असता त प्रेस चालू नसती का केली?" कीबोर्ड काढला, पाच बटणं दिली : लाइन गेली, पट्टा, हायड्रॉलिक, रुई नाही, जेवण. सहावं 'इतर', त्याच्यामागे बाराखडी.

संध्याकाळी पाहिलं तर दिवसभरात नऊ नोंदी. त्यातल्या सहा 'लाइन गेली'. काकांनी ते बटण दुप्पट मोठं करायला सांगितलंय, उद्या करते.